मलमलीचे वादळ

"थांबव जरा," असे अण्णांनी म्हटले की आमच्या घरातला सिनेमा थांबतो. पडद्यावर राजपुत्र दरीवरून उडी घेण्याच्या बेतात असो, नाहीतर राक्षसाने नुकताच जबडा उघडलेला असो, रिमोट ज्याच्या हातात असेल त्याने तत्काळ बटण दाबायचे, हा घरचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली एक दुपार या बाबतीत मला विशेष आठवते. सोलापुरात पारा ४४ अंशांच्या घरात गेला की दुपारी रस्ते ओस पडतात आणि आमच्याकडे खिडक्यांवर जुन्या चादरी भिजवून टांगल्या जातात. नळाला पाणी चार दिवसांआड येत असले तरी तेवढ्या कामापुरते पाणी आई एका बादलीत वेगळे राखून ठेवते. त्या ओल्या चादरींमुळे भर दुपारी घरात चित्रपटगृहासारखा अंधार होतो, आणि त्या अंधारात आम्ही १९३९ सालचा 'द विझर्ड ऑफ ऑझ' पाहत बसलो होतो. नऊ वर्षांची माझी मुलगी जमिनीवर उशी घेऊन पालथी पडली होती, आई दिवाणावर बसून शेंगा फोडत होती आणि अण्णा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत होते. कॅन्ससच्या माळावर चक्रीवादळ आले, आभाळातून लोंबणारी ती काळी सोंड जमीन चाटत घराच्या दिशेने सरकू लागली, आणि अण्णा म्हणाले, "थांबव जरा."

ते उठले, चष्मा कपाळावर चढवून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि वादळाच्या कडेपाशी बोट नेऊन थांबले. बराच वेळ त्यांनी त्या कडेकडे निरखून पाहिले. मग म्हणाले, "हे कापड आहे. घट्ट विणीचे नाही, विरळ आहे. मलमल असेल."

अण्णांनी चाळीस वर्षे सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जकार्डच्या मागावर चादरी विणल्या. ज्यांनी तो माग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या माथ्यावर भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांची एक लांबलचक माळ फिरत असते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता पुढे येतो, आणि त्यावर जिथे भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे नसेल तिथला खालीच राहतो. सोलापुरी चादरीवर जो मोर आपल्याला दिसतो, तो मागाच्या दृष्टीने शेकडो पत्त्यांवरच्या भोकांची रांग असतो. अण्णा त्या पत्त्यांची माळ डोक्यावर घेऊनच जगले. लहानपणी मी त्यांना एकदा विचारले होते, की तुम्हाला चादरीवर मोर दिसतो की भोके दिसतात. त्यांनी क्षणभर विचार करून सांगितले होते, की मोर दिसतो, पण भोकांमुळे जास्त चांगला दिसतो. त्या वेळी मला या उत्तराचा अर्थ कळला नाही. तो कळायला मला इतक्या वर्षांचे, घरातल्या या छोट्या पडद्यावरचे सिनेमे पाहावे लागले.

त्या संध्याकाळी मी शोध घेतला तेव्हा अण्णांचा अंदाज शब्दशः खरा निघाला. चित्रपटाचे विशेष दृश्यपरिणाम सांभाळणाऱ्या अर्नोल्ड गिलेस्पी यांनी आधी रबराचा शंकू करून पाहिला होता, परंतु रबर मनासारखे पिळले जाईना, म्हणून तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. मग विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा असतो, त्याच्यावरून त्यांना कल्पना सुचली आणि त्यांनी सुमारे ३५ फूट लांबीची मलमलीची सोंड तयार करवली. तिचे वरचे टोक छताखालून सरकणाऱ्या पोलादी यारीला बांधले, खालचे टोक जमिनीतल्या खाचेतून हलवले, आणि तळाशी मुलतानी मातीची भुकटी वाऱ्याच्या झोताने उडवली. ती भुकटी मलमलीच्या विणीतून थोडी थोडी झिरपत राहिली, आणि त्यामुळेच वादळाच्या कडा कापडासारख्या रेखीव न दिसता धुरकट दिसल्या. हे मी वाचून दाखवत असताना अण्णांनी मला मधेच थांबवले आणि म्हणाले, "मग, बघ. मांजरपाट घेतले असते तर सगळी धूळ आतच राहिली असती." हॉलिवूडमधल्या त्या माणसाची भेट व्हायला हवी होती, असेही ते पुढे म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

त्याच चित्रपटात वादळ शमल्यानंतर मुलगी घराचे दार उघडते आणि तपकिरी जगातून रंगीत जगात पाऊल टाकते. ते दृश्य कोणत्याही यंत्राने रंगवलेले नाही. घराचा आतला भाग खरोखरच तपकिरी रंगाने रंगवून घेतला होता, दार उघडणाऱ्या बदली मुलीला तपकिरी छटेचा पोशाख दिला होता, आणि सगळे चित्रीकरण रंगीत फिल्मवरच केले होते. ती बदली मुलगी दार उघडून बाजूला होते आणि निळ्या पोशाखातली ज्यूडी गार्लंड पुढे जाते, एवढीच ती करामत आहे. हे समजल्यावर आम्ही ते दृश्य सलग चार वेळा पाहिले. चौथ्या वेळी मला आठवले, की पहिल्या वेळी मी ते पाहिलेच नव्हते. मी फक्त रंगांकडे पाहत होतो, दाराकडे माझे लक्षच गेले नव्हते.

माझ्या मुलीला मात्र हे सगळे मुळीच मान्य नव्हते. आजोबा गंमत मोडून टाकतात, ही तिची जुनी तक्रार आहे, आणि ती तक्रार पोरकट आहे असे मला वाटत नाही. ती जेव्हा वादळाला घाबरते तेव्हा तिला खरोखर घाबरायचे असते. ते कापड आहे असे कोणी सांगितले की तिच्या हातून काहीतरी निसटते. मी या दोघांच्या मधे बसलेला असतो, आणि गेली काही वर्षे हा पेच मला खऱ्या अर्थाने सतावतो आहे. जादूच्या चित्रपटाचे मर्म विश्वास ठेवण्यात आहे, की ती जादू कोणी, कशी, किती खपून केली हे जाणण्यात आहे? घरात बसून पाहताना हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. चित्रपटगृहाच्या काळोखात कोणी "थांबव" म्हणू शकत नाही, घरात मात्र कोणीही म्हणू शकते.

मी स्वतः मुलीच्या वयाचा होतो तेव्हा आमच्या बोळात वर्गणी काढून एका रात्रीसाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता. एकाच रात्रीत तीन चित्रपट पाहायचे आणि सकाळी यंत्र परत करायचे, असा तो व्यवहार असे. त्या रात्रीचा दुसरा चित्रपट 'मिस्टर इंडिया' होता. १९८७ साली प्रदर्शित झालेला तो चित्रपट आमच्या बोळात पोहोचायला एक वर्ष लागले असावे. मनगटावरचे यंत्र लावले की नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात तो दिसतो. दुसऱ्या दिवसापासून ताई आणि मी मिठाईच्या खोक्यावरचा लाल जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरून घराचे कोपरे न् कोपरे तपासू लागलो. अण्णा कामावरून आले तेव्हा आम्ही त्यांच्याकडेही त्या कागदातून पाहत होतो. त्यांनी रागावण्याऐवजी तो कागद हातात घेतला, स्वतः त्यातून पाहिले आणि म्हणाले, की ही गोष्ट चांगली आहे, कारण तिला नियम आहे. नुसता अदृश्य होणारा माणूस काय, कुठेही जाईल, काहीही करील. लाल दिव्याची धास्ती असलेला माणूस मात्र जपून पाऊल टाकील, आणि त्याच्याबरोबर आपणही जपून पाऊल टाकू.

अद्भुताला नियम हवा, हे समीक्षेचे सूत्र मी पुढे अनेक ठिकाणी वाचले, पण ते मला पहिल्यांदा मिळाले ते लाल जिलेटिनच्या कागदातून. ज्या चित्रपटात जादूची कांडी फिरवली की काहीही होते, तिथे माझे मन लवकर विटते. जिथे जादूला किंमत मोजावी लागते, वेळेची मर्यादा असते, एखादे दार विशिष्ट वेळीच उघडते, तिथे नऊ वर्षांची मुलगी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा एकाच वेळी पुढे सरकून बसतात.

आईचे पाहणे यापेक्षा निराळे आहे, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवे. तिला इंग्रजी येत नाही. हिंदीत भाषांतरित केलेले चित्रपट तिला कळतात, पण त्यांतली हिंदी तिला कृत्रिम वाटते, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत जातो. या सांगण्यात चित्रपट हळूहळू बदलत जातो, याची मला फार उशिरा जाणीव झाली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला लांब दाढीचा, करड्या झग्यातला तो जादूगार मी 'जादूगार' म्हणून सांगितला तर ती नाक मुरडते, कारण तिच्या लेखी जादूगार म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तंबू ठोकणारा माणूस. तिने त्याला 'ऋषी' म्हणायचे ठरवले, आणि एकदा तो ऋषी झाल्यावर त्याचे रागावणे, अंतर्धान पावणे, शिष्याला अर्ध्या वाटेत सोडून जाणे, हे सगळे तिला आपोआप समजू लागले. १९८२ सालच्या 'ई.टी.'मधला परग्रहावरचा जीव तिने पाहताक्षणी 'लेकरू' ठरवला. स्पीलबर्ग यांनी त्या चित्रपटात कॅमेरा बहुतांशी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आहे आणि मुलांची आई सोडली तर मोठ्या माणसांचे चेहरे शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळजवळ दाखवलेलेच नाहीत. मी हे मोठ्या उत्साहाने तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "त्यात काय? लेकराला माणसांचे पायच दिसतात." त्या एका वाक्यापुढे मला आणखी काही सांगावेसे वाटले नाही.

प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' आम्ही दूरदर्शनवर पाहिला होता. तुकोबांना न्यायला विमान येते तेव्हा अण्णांच्या ओठावर त्यांचा नेहमीचा प्रश्न आलाच होता, पण आईने हात जोडलेले पाहून त्यांनी तो गिळला. तिच्यासाठी ते अद्भुत नव्हते, आणि चमत्कार कसा घडवला हे विचारण्याची ती जागा नव्हती. दामले आणि फत्तेलाल यांचे कौशल्य अण्णांनी नंतर, ती स्वयंपाकघरात गेल्यावर, हलक्या आवाजात वाखाणले. एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर दोन वेगळे चित्रपट चालू असतात आणि दोघांनाही आपापला चित्रपट पुरा पाहता येतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

भारनियमनाच्या वर्षांत तर आईने चित्रपटांचे शेवटही रचले आहेत. ताईची मुले सुट्टीला आली होती आणि आम्ही व्हीसीडीवर हॅरी पॉटरच्या मालिकेतला २००१ सालचा पहिला चित्रपट लावला होता. दुसरी तबकडी घातली, तीन मुले त्या माणसाएवढ्या सोंगट्यांच्या बुद्धिबळाच्या पटावर उभी राहिली, लालसर केसांचा मुलगा घोड्यावर बसला, आणि वीज गेली. मुले रडकुंडीला आली. आईने कंदील लावला आणि उरलेली गोष्ट सांगायला घेतली. तिच्या गोष्टीत घोड्यावरच्या मुलाला खरचटले, पण तो उठला, आणि तिघांनाही दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचे होते, म्हणून त्यांनी दुष्ट मांत्रिकाला चटकन निपटले. दुसऱ्या दिवशी खरा शेवट पाहिल्यावर भाच्याने गंभीरपणे सांगितले, की आजीचा शेवट बरोबर होता, सिनेमावाल्यांनी उगीच वेळ लावला.

आमच्या शेजारचे घर तेलुगू भाषिकांचे. सोलापूरच्या पूर्व भागात हे नवलाचे नाही, कारण मागांच्या कामासाठी पिढ्यांपूर्वी आलेली पद्मशाली कुटुंबे घरात तेलुगू आणि दारात मराठी बोलतात. तिथले आजोबा अण्णांचे कारखान्यातले सोबती. त्यांच्याकडे मी पहिल्यांदा 'मायाबझार' पाहिला. के. व्ही. रेड्डी यांनी १९५७ साली केलेला हा चित्रपट म्हणजे आपल्याकडे वत्सलाहरण म्हणून सांगितली जाते तीच कथा: बलरामाची मुलगी, अभिमन्यू, आणि त्या दोघांचे लग्न लावून देणारा घटोत्कच. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लग्नघरच्या पंक्तीसमोर एकटाच बसतो, विवाहभोजनाचे गाणे म्हणतो, आणि लाडू ताटातून उडून त्याच्या तोंडात जातात. एका डबीत एकमेकांना दूर बसून पाहणारे प्रेमी त्यात आहेत. माझ्या मुलीने ती प्रियदर्शिनी नावाची डबी पाहिली आणि हा तर व्हिडिओ कॉल आहे, असे म्हणून शेजारच्या आजोबांना खूश करून टाकले.

त्या चित्रपटातली सगळ्यांत मोठी जादू मात्र लाडवांची नाही, यावर दोन्ही म्हाताऱ्यांचे एकमत आहे. घटोत्कच वधूचे रूप घेऊन लग्नमंडपात जातो, म्हणजे वधूची भूमिका करणाऱ्या सावित्रीने आता त्याच चेहऱ्याने, त्याच दागिन्यांत, आत दडलेला राक्षस दाखवायचा असतो. ती लाजते आणि पुढच्याच क्षणी तिची मान, तिचे खांदे, तिची नजर पुरुषी होते. नवऱ्या मुलाचा पाय ती हळूच असा चेपते की तो कळवळतो. इथे काळा धागा नाही, दुहेरी छापलेली फिल्म नाही. अण्णांनी तो प्रसंग थांबवला नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "थांबवून काय बघायचे? चालू असतानाच दिसते ते."

हे सगळे आपल्याकडे किती आधीपासून आहे, याची जाणीव मला दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'ने करून दिली. १९१९ सालच्या या मूकपटात कृष्ण झाली आहे त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती मुलगी म्हणूनच आपल्यासमोर येते, चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, आणि मग त्याच चित्रातून विरघळत कृष्णाच्या वेषात उभी राहते. फाळक्यांनी प्रेक्षकांपासून काहीही लपवले नाही. ही माझी पोर आहे, आता हा कृष्ण आहे, असे त्यांनी सरळ सांगितले आणि मग तिला कालियाच्या फण्यावर नाचवले. मी हे मुलीला दाखवले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. नंतर तिने विचारले, की ती मुलगी पाण्याला घाबरली असेल का. कालियाला नव्हे, पाण्याला. ती त्या क्षणी कृष्णाकडेही पाहत होती आणि मंदाकिनीकडेही, आणि तिचे काहीही निसटलेले नव्हते.

अण्णांच्या या वेडामुळे मी आता प्रत्येक चित्रपटात एखादा धागा शोधतो. १९९३ सालच्या 'जुरासिक पार्क'मध्ये अक्राळविक्राळ डायनासोर येण्याआधी गाडीतल्या पेल्यातले पाणी थरथरते आणि त्यावर गोल गोल तरंग उठतात. आमच्या जुन्या घरात हे दृश्य रोजचे होते. भिंतीपलीकडे आठ माग चालत, आणि फळीवर ठेवलेल्या फुलपात्रातल्या पाण्यावर दिवसभर बारीक कड्या उमटत राहत. कड्या थांबल्या की आई म्हणायची, पाळी सुटली, आता अण्णा येतील. त्यामुळे पहिल्यांदा ते दृश्य पाहिले तेव्हा बाकी सगळे घाबरले आणि मला मात्र अण्णा घरी येण्याची वेळ आठवली. पुढे वाचनात आले, की ते तरंग हवे तसे गोल येईनात, म्हणून गाडीच्या खालून गिटारची तार ताणून ती छेडली होती. अण्णांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली. ताणलेल्या तारेचा आणि धाग्याचा कंप त्यांनी चाळीस वर्षे बोटांनी मोजला आहे. दोन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात डायनासोर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात, हेही त्यांना पटले. बाकीचा वेळ पाणी थरथरते, पाने हलतात, माणसे वर पाहतात.

अलीकडच्या पुष्कळ साहसपटांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही, आणि त्याचे कारण संगणक हे नव्हे. 'जुरासिक पार्क'मध्येही संगणक होताच. अडचण अशी आहे, की आता इमारती कोसळतात पण त्यांना वजन नसते, माणसे शंभर फुटांवरून पडतात आणि धूळ झटकून उठतात, आणि हे दोन अडीच तास चालू राहते. अशा चित्रपटांत अण्णा "थांबव" म्हणत नाहीत. ते डुलक्या घेतात. विचारण्यासारखे काही उरलेले नसते, कारण सगळ्याचे उत्तर एकच असते. याउलट पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये केलेल्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तीन भागांत संगणकाचे काम अफाट आहे, तरी ठेंगू नायक आणि उंच जादूगार एकाच गाडीवर बसलेले दिसतात ते दृश्य एकाला कॅमेऱ्याच्या जवळ आणि दुसऱ्याला मागे बसवून साधले आहे. त्या प्रवाशांच्या अंगावरचे झगे तिथल्याच करड्या मेंढ्यांच्या लोकरीचे, शंभर वर्षांच्या जुन्या मागांवर विणलेले आहेत. हे कळल्यावर अण्णांनी तिन्ही भाग पुन्हा पाहायला मागितले. कथा त्यांना ठाऊक झाली होती. त्यांना झगे पाहायचे होते.

ज्यात काहीच जादू नाही असाही एक चित्रपट आमच्या घरात या रांगेत बसतो, तो म्हणजे परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी'. २०१४ सालचा हा चित्रपट आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात घडतो. दिवंगत वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून एक मुलगा आणि त्याची बहीण एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. राक्षस नाही, शापित जंगल नाही, कर्जाची तारीख आहे. तरी माझी मुलगी हा साहसपटच आहे असे ठामपणे सांगते, आणि ते मला पटते.

एकदा मात्र अण्णांनी अख्खा चित्रपट एकाही प्रश्नाविना पाहिला. तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, आई चौदा दिवस रुग्णालयात होती. रात्री माझी पत्नी तिच्यापाशी थांबायची आणि घरात आम्ही तिघे उरायचो. मुलगी सहा वर्षांची होती आणि तिला झोप येत नव्हती, म्हणून मी हायाओ मियाझाकी यांचा १९८८ सालचा 'माय नेबर टोटोरो' लावला. लहान मुलांचा आनंदी चित्रपट, एवढीच माझी समजूत होती. त्यातल्या दोन बहिणींची आई रुग्णालयात आहे, हे मला ठाऊक असते तर मी तो त्या रात्री लावला नसता. मियाझाकी यांच्या आईलाही मणक्याच्या क्षयाने वर्षानुवर्षे आजारी राहावे लागले होते, हे मी नंतर वाचले. चित्रपटात आईचे घरी येणे लांबणीवर पडते, आणि धाकटी बहीण मक्याचे एक कणीस छातीशी कवटाळून एकटीच रुग्णालयाच्या वाटेला लागते, कारण ताजे कणीस खाल्ले की आई बरी होईल अशी तिची खात्री असते. ती वाट चुकते. थोरली अनवाणी धावत तिला शोधते.

मी बंद करू का, असे विचारायला वळलो, तर अण्णा खुर्चीतून उतरून नातीच्या शेजारी जमिनीवर बसले होते. त्यांचे गुडघे दुखतात, ते जमिनीवर बसत नाहीत. पावसात बसथांब्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या मुलीशेजारी तो केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, मांजराची बस अंधारातून डोळ्यांचे दिवे लावून धावत येते, आणि यातले काहीही कसे केले हे त्यांनी विचारले नाही. शेवटी रुग्णालयाच्या खिडकीत ते कणीस ठेवलेले दिसते आणि त्याच्या सालीवर 'आईसाठी' असे कोरलेले असते. मी ते वाचून मराठीत सांगितले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नातीला घेऊन मंडईत गेले. तिने कणसाच्या सालीवर बॉलपेनने 'आजी' असे लिहिले, आणि दुपारी भेटीच्या वेळेत ते आईच्या उशाशी ठेवले. आईला त्या वेळी कणीस खाण्याची परवानगी नव्हती. घरी परतताना तिने औषधांच्या पिशवीत सगळ्यांत वर ते ठेवले होते. आता ते आमच्या शोकेसमध्ये आहे. साल पिवळी पडली आहे, दाणे खडखडीत वाळले आहेत, आणि शाईतला 'जी' जेमतेम वाचता येतो.

या मे महिन्यात मुलीची शाळा संपल्यावर आजोबा आणि नात यांनी वादळ करायला घेतले. कल्पना तिची होती, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. मलमल कुठून आणायची, यावर चर्चा झाली तेव्हा आईने पेटी उघडून नातीचीच बाळपणीची दुपटी काढली. आईच्या जुन्या साडीची ती दुपटी धुऊन धुऊन इतकी विरळ झाली होती, की अण्णांनी त्यांतून बोट फिरवून पाहिले आणि यापेक्षा योग्य कापड बाजारात मिळणार नाही असे सांगितले. आईने ती जोडून हातभर रुंदीची, खाली निमुळती होत जाणारी सोंड शिवून दिली. वरचे टोक पंख्याच्या हुकाला लावलेल्या ड्रिलला बांधले, खाली जुन्या टॉवेलचा माळ अंथरला, खोक्याचे घर ठेवले, आणि माझ्या पत्नीच्या कपाटातली मुलतानी मातीची पुडी तिच्या परवानगीने तळाशी ओतली. टेबलफॅन एका बाजूने, बॅटरी दुसऱ्या बाजूने. पहिल्या वेळी सोंड नुसतीच गरगरली आणि पायजम्याच्या पायासारखी दिसली. दुसऱ्या वेळी माती फार झाली. तिसऱ्या वेळी मी मोबाइल जमिनीला टेकवून धरला, अण्णांनी ड्रिलचा वेग कमी केला, खालचे टोक दोरीने हळूहळू ओढत नेले, आणि मलमलीच्या विणीतून धूळ झिरपू लागली.

आम्ही चौघे मोबाइलभोवती जमलो. खोक्याच्या घराकडे ती सोंड सरकत होती, तिच्या कडा धुरकट झाल्या होत्या, आणि माळावरच्या टॉवेलची लव वाऱ्याने एका बाजूला पडत होती.

"थांबव जरा," माझी मुलगी म्हणाली. तिने चित्र बोटांनी मोठे केले आणि सोंडेच्या मध्यावर नख टेकवले. "आजी, इथे शिवण दिसतेय."

आईने चष्मा लावला, मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि सुई मागितली.